एकाच खुंट्याला दोन हात

नांदेड व लातूर भागातील वृद्ध आणि तरुण यांच्या सहकार्याचा थोडा इतिहास

महोत्सवाचा प्रसंग आला म्हणजे मागे वळून पाहण्याची इच्छा माणसास सहजच होते. प्रार्थनामंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा केव्हा चढली, शाळेची पहिली खोली कोणत्या साली उभी राहिली, असा वृत्तांत बहुधा प्रत्येक स्मरणिकेत असतो, आणि तो असावयासच हवा. परंतु आम्ही या लेखात वाचकांचे लक्ष दुसऱ्याच एका इतिहासाकडे वेधू इच्छितो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तो जात्याभोवती, शेताच्या बांधावर, चुलीपुढे आणि संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी घडला. आजीने व नातीने, आजोबांनी व नातवाने जी कामे एकत्र बसून केली, त्या कामांचा हा इतिहास होय.

सांप्रत घरोघर एक तक्रार ऐकू येते. वडील मंडळी म्हणतात, मुले आमच्याजवळ क्षणभर बसत नाहीत; मुले म्हणतात, वडिलांचे बोलणे म्हणजे केवळ उपदेश. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण पूर्वीची मुले अधिक सद्गुणी होती, किंवा पूर्वीचे वृद्ध अधिक गोड बोलत, असे आम्हांस वाटत नाही. पूर्वी दोघांच्या हाताला एकच काम होते. ते काम गेले, म्हणून बोलणेही गेले. उपदेशाने पिढ्या जवळ येत नाहीत, कामाने येतात, हे आमच्या भागाच्या इतिहासावरून कसे दिसते, ते आता पाहू.

या भागातील आजचे वृद्ध कोण, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. नांदेड आणि लातूर ही दोन्ही नगरे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच चाले. त्यामुळे पुष्कळ घरांतून असे दृश्य असे की, शाळेत गेलेला पुरुष उर्दू लिहीवाची आणि घरातील मराठी मात्र आईच्या व आजीच्या तोंडी नांदे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ साली, उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. विलीनीकरणाच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशी वर्षे मागे टाकून पुढे गेले आहे. म्हणजे निजामी राजवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता आपल्यांत बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहेत. १९७२ चा दुष्काळ कळत्या वयात सोसलेली माणसेही साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या तोंडचे जे आज ऐकून घेतले जाणार नाही, ते पुढे कोणत्याही किमतीस मिळणार नाही.

आता जात्याकडे वळू. ज्वारी हे या भागाचे मुख्य अन्न, आणि ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. म्हणून दळण हे रोजचे किंवा एक दिवसाआडचे काम. दोनतीन माणसांच्या घराचे दळण एकटीने होई. परंतु दहापंधरा माणसांच्या कुटुंबात दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंस समोरासमोर बसत. लाकडाचा खुंटा एकच. त्याला दोघींचे हात. एकीने ओढावे, दुसरीने पुढे द्यावे. एकीच्या मोकळ्या हाताने मूठ मूठ दाणे टाकावे. सासू व सून, आजी व नात, जाऊ व नणंद अशा जोड्या पहाटेच्या अंधारात अशा बसल्या म्हणजे ओवीला आरंभ होई. एकीने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा. देवाची ओवी, माहेरची ओवी, भावाची, लेकाची, पडलेल्या व न पडलेल्या पावसाची ओवी. आणि सासूसमोर तोंडाने बोलता न येणारे सुनेचे दुःखही ओवीतून बाहेर पडे व सासूस ते ऐकून घ्यावे लागे, कारण खुंटा सोडून उठता येत नसे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जात्यावर कोणी कोणास ओव्या शिकविण्यास म्हणून बसत नसे. दळण व्हावयास हवे होते; ओवी ही श्रमाची सोबत होती. नातीला अनुभव नसे, पण दंडात जोर असे. आजीचा जोर ओसरलेला असे, पण तिच्याजवळ शेकडो ओव्यांचा साठा असे. आजीवाचून नातीचे दळण कंटाळवाणे होई, आणि नातीवाचून आजीचे दळण मुळी होतच नसे. दोघींनाही दुसरीची गरज होती, आणि ती गरज दोघींनाही कबूल होती. या दोन गोष्टी जेथे असतात तेथे पिढ्यांतील अंतर आपोआप कमी होते.

ओवी हा छंद आपणा ख्रिस्ती मराठी माणसांस परका नाही. किंबहुना मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा सर्वांत मोठा ग्रंथ ओवीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टी प्रांतात आयुष्यभर राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले; त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी जो प्रसंग वर्णिला आहे, तो आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. रविवारी देवळात मुलांना धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण गृहस्थ पुढे येतो आणि पाद्रीगुरूंस विचारतो की, मुलांना शिकविता ते ठीक. पण आम्हां प्रौढांना ऐकावयास आमच्या भाषेत एखादे पुराण का असू नये? म्हणजे आपल्या या आद्य महाकाव्याचा उगमच मुले आणि वडीलधारी माणसे एका छताखाली बसलेली असताना झाला, असे ग्रंथकार स्वतः सांगतात.

या ग्रंथाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १६४९ व १६५४ या साली तो पुन्हा छापला गेला. पुढे १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सरकारने, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ बुडाला नाही. घरोघर हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या होत्या. त्या वाचल्या जात, ऐकल्या जात, आणि जीर्ण झाल्या म्हणजे घरातील लिहिता हात पुन्हा उतरवून काढी. गोवा सोडून दक्षिण कानडा जिल्ह्यात गेलेल्या कुटुंबांनी हा ठेवा बरोबर नेला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला, आणि १९५६ साली पुण्याचे प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. छापखान्याचे कागद नष्ट झाले. म्हातारे वाचणारे आणि तरुण ऐकणारे, किंवा तरुण वाचणारे आणि म्हातारे ऐकणारे, ही जोडी मात्र टिकली व तिनेच ग्रंथ टिकविला.

कोणी म्हणेल, ही गोष्ट गोमंतकाची झाली. गोदावरी-मांजरेच्या काठी तिचे काय? त्यास आमचे उत्तर असे की, अशीच एक वहिवाट आमच्या मातीतही आहे, आणि ती अद्याप जिवंत आहे. लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत व त्यांना लागून असलेल्या नांदेडच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येस ‘येळवस’ अथवा ‘वेळ अमावस्या’ पाळतात. शेजारच्या कर्नाटकातही हा दिवस आहे, आणि नावही तिकडूनच आले असे मानतात. रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर येत असतो, गहू हिरवा असतो. त्या दिवशी सारे घर शेतात जाते. लातूरसारख्या शहराची बाजारपेठ ओस पडते; कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी देण्याचीही रीत आहे. ज्यास शेत नाही त्यास शेतवाल्याचे आमंत्रण असते, आणि ते देताना जात किंवा धर्म कोणी विचारीत नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांनी शेजाऱ्याच्या शेतात बसून येळवसेची भज्जी खाल्ली आहे.

या दिवसाची तयारी पाहिली म्हणजे वयांची वाटणी कशी सुरेख झाली आहे, ते दिसते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करावयाची. पेंढ्या उचलण्याचे काम पोरांचे, पण त्या कशा टेकवाव्यात म्हणजे वाऱ्याने कोप पडणार नाही, हे सांगणे आजोबांचे. भज्जीसाठी वाटाणा, तूर, ओला हरभरा, शेंगा, गाजर, बोरे अशा नाना जिनसा गोळा करावयाच्या. त्या निवडण्यास लहान बोटे उपयोगी, पण बेसन व ताक केव्हा घालावे, हे आजीच्या डोळ्यांस कळते. आंबील आदल्या दिवशीच लावावी लागते. बाजरीचे उंडे हातावर वळावे लागतात, आणि ते नीट वळणे एका वर्षात कोणास येत नाही. शेतास प्रदक्षिणा घालून आंबील शिंपडताना जी आरोळी द्यावयाची, ती आजा पुढे देतो व नातू मागून देतो. पूजेचा भाग हिंदु बांधवांचा आहे. तो त्यांचा त्यांनी करावा. आम्ही या प्रथेतून घ्यावयाचे ते एवढेच की, तिथी ठरलेली आहे, काम ठरलेले आहे, आणि घरातील प्रत्येक वयास त्यात असा वाटा आहे की तो दुसऱ्यास उचलता येत नाही. म्हणूनच पुण्या-मुंबईस गेलेला मुलगा पुष्कळदा या दिवसासाठी मुद्दाम रजा काढून गावी येतो.

नांदेड येथे याचेच दुसरे रूप पाहावयास मिळते. गुरु गोविंदसिंह १७०८ साली येथे निवर्तले. महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात तेथे सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधविली. तेथील लंगरात भाजी चिरणारे म्हातारे हात, पोळ्या लाटणारे मध्यम वयाचे हात आणि ताटे उचलणारे लहान हात एकाच पंक्तीस राबतात. कोणी कोणाचा सत्कार करीत नाही. सर्व मिळून अन्न करतात आणि सर्व मिळून जेवतात. आपल्या धर्मग्रामांच्या सणांतही पूर्वी हीच रीत असे. नाताळच्या आधी अंगणात चूल पेटे, करंज्यांना मुरड घालावयास आजीभोवती मुली बसत, आणि त्या बैठकीतच कोणाचा बाप्तिस्मा कोणत्या धर्मगुरूंनी केला, कोणत्या दुष्काळात कोणी कोणास धान्य दिले, हे सारे बोलून होई. करंज्या आता बाजारातून येतात. त्या वाईट असतात असे नाही. पण त्यांच्याबरोबर गोष्ट येत नाही.

जुने दुवे कसे तुटले, याचा विचार करताना कोणास दोष देण्याचे कारण नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यावरील एक क्रूर ओझे उतरले. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या सुनेस गिरणी म्हणजे देवाची दयाच वाटली असेल. जाते परत आणा, असे म्हणणारा मनुष्य बहुधा कधी दळलेला नसतो. शाळा-महाविद्यालये आली, ती तर हवीच होती. नांदेडात १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले. लातुरात १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले आणि पुढे परीक्षेच्या यशासाठी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झाले. १९९४ साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. खेड्यातील मुले शिकवणीसाठी लातुरात व नांदेडात खोल्या घेऊन राहू लागली. पहाटे जात्याजवळ बसण्याचे वय आता शिकवणीच्या बाकावर बसते. शिक्षण संपले की पुणे, मुंबई, हैदराबाद. दुसरीकडे, ज्यांच्या घरी पाण्याची शेती नाही अशी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि लहान मुलांना किंवा म्हाताऱ्यांना मागे ठेवतात. दोन्ही प्रकारांत गावात उरतात ती आजी-आजोबाच.

या सर्वांवर घाव घातला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लोक निजले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. मृतांचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. कमीत कमी आकडाही आठ हजारांच्या जवळ आहे. इतकी माणसे का दगावली? घरे जाड दगडी भिंतींची, दगड मातीत रचलेले, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर मातीचा नवा थर घालण्याची पद्धत होती. असे थर वर्षानुवर्षे चढले आणि छत इतके जड झाले की, भिंती हलताच ते निजलेल्या माणसांवर कोसळले. ही गोष्ट आज तिशीच्या आतल्या तरुणास ठाऊक नसते, कारण तो त्यानंतर जन्मला. आणि ज्यांनी स्वतःच्या हाताने ती माती चढविली, ते म्हातारे ती कोणी विचारल्यावाचून सांगत नाहीत. ज्या घरांत अजून जुनी माळवदे आहेत, त्या घरांत हे एक वाक्य बोलले जाणे किंवा न बोलले जाणे, यावर जीव अवलंबून असू शकतो.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. देशोदेशींच्या लोकांनी मदत केली. ख्रिस्ती सेवासंस्थाही त्यात होत्या. नवी घरे मजबूत झाली, रस्ते रुंद व सरळ झाले. पण जुन्या गावात भावकीची घरे एका गल्लीत, ओट्याला ओटा लागून असत. म्हातारा ओट्यावर बसे आणि येणारे जाणारे प्रत्येक पोर त्याच्या नजरेखालून जाई. रेखीव चौकोनांच्या आखणीत भावकी विखुरली व ओटा हरवला. घर बांधणाऱ्यांस कोणी असे सांगितले नव्हते की, ओटा हेही गावाचे एक दालन आहे आणि त्यात दोन वयांची माणसे राहतात.

येथवर वाचून कोणास उदास वाटेल. पण इतिहास येथे थांबत नाही. काम गेल्यावर नवे काम मुद्दाम घालून दिले तर तुटलेला दुवा जोडता येतो, याचीही उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथे स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या, आणि हजारो ओव्या गळ्यासह ध्वनिमुद्रित केल्या. मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी १९९६ साली गायिलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. जाते थांबले होते. पण ओवी लिहून घेण्याचे काम निघताच म्हाताऱ्या पुन्हा गाऊ लागल्या, कारण आता ऐकणारा कान व लिहिणारा हात समोर बसला होता.

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. गावात पारायण चालले असता, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, असे म्हाताऱ्या बायका बोलल्या, हे तिचे निमित्त. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगडी नेसून, पाटीदप्तर घेऊन दुपारी शाळेस येऊ लागल्या. शिकविणारी गावातलीच एक सून. आणि घरी अभ्यास घेणारी नातवंडे. येथे जात्याची रीत उलटी झाली: देणारे हात लहान आणि घेणारे म्हातारे. पण नाते तेच. नातवाने आजीचा हात धरून अक्षर गिरवून घेतले म्हणजे त्याचा मान वाढतो, आणि आजीस आपली सही करता आली म्हणजे तिचा.

ख्रिस्तसभेनेही या गोष्टीकडे लक्ष दिले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्ध यांचा जागतिक दिन ठरवून दिला. प्रभू येशूचे आजोबा-आजी संत योवाकीम व संत आन्ना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ, म्हणजे जुलैच्या चौथ्या रविवारी, तो पाळतात. पहिला दिन २५ जुलै २०२१ रोजी झाला. शुभवर्तमानात बाळ येशूस मंदिरात नेले तेव्हा वृद्ध शिमोनाने त्यास हातांवर घेतले व वृद्ध हन्ना पुढे आली, हे आपणांस ठाऊक आहे. तीमथ्याचा विश्वास प्रथम त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी वसला होता, हे संत पौलाने आवर्जून लिहिले आहे. तेव्हा आजी ही आपल्या धर्मातली पहिली शिक्षिका आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. हा दिन पुष्कळ ठिकाणी असा साजरा होतो: वृद्धांना पुढच्या खुर्च्यांवर बसवावे, शाल व श्रीफळ द्यावे, दोन भाषणे व्हावीत, मुलांनी एक नृत्य करावे, आणि अल्पोपाहार होऊन सर्वांनी घरी जावे. हेतु चांगला, पण या सर्व वेळात वृद्धाने एकही शब्द मुलाशी बोललेला नसतो आणि मुलाने वृद्धाचा हात धरलेला नसतो. सत्काराने अंतर मिटत नाही. उलट कित्येकदा वृद्धास असे वाटते की, आपणांस आदराने बाजूस ठेवले. जात्याने, पोथीने, येळवसेने आणि फांगण्याच्या शाळेने जे साधले, ते तीन गोष्टींमुळे: काम खरे होते, म्हणजे त्याचे फळ कोणास तरी हवे होते, दोन्ही वयांस असा वाटा होता की एकाचे दुसऱ्यावाचून अडे, आणि ते काम एकदा होऊन संपत नसे, ठरल्या वेळी पुन्हा येई.

या तीन कसोट्यांस उतरणारी कामे आपल्या भागात कमी नाहीत. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला आणि मराठवाड्यातील कॅथोलिक कुटुंबे एका छत्राखाली आली. त्यांत काही पिढ्यान्‌पिढ्यांची इथली, काही नोकरीधंद्यानिमित्त दुरून आलेली. प्रत्येकाच्या आजीजवळ वेगळी गाणी, वेगळ्या चाली, वेगळे शब्द आहेत. हातमाग नाही, जाते नाही, पण वही आहे आणि प्रत्येक तरुणाच्या खिशात आवाज टिपणारा मोबाइल आहे. महिन्यातील एका ठरलेल्या रविवारी, मिस्सानंतर अर्धा तास, एक वृद्ध व एक तरुण अशी जोडी बसावी. वृद्धाने जुने भक्तिगीत चालीसह म्हणावे, तरुणाने ते टिपावे, लिहावे आणि पुढच्या महिन्यात गायकवृंदाने ते देवळात म्हणावे. म्हणजे टिपलेले कपाटात न पडता कामास येईल, आणि चूक झाली तर आजीच उठून ती दुरुस्त करील.

दुसरे काम पाण्याचे. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या जिल्ह्यावर ही वेळ आली, त्याच्या जुन्या वस्त्यांत आड, विहिरी व बारवा आहेत, आणि कोणत्या आडाचे पाणी १९७२ सालीही आटले नव्हते, हे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. तरुणांनी त्यांना बरोबर घेऊन वस्ती फिरावी, जागा नकाशावर मांडाव्या, जो आड उपसून उपयोगी पडेल तो उपसावा. म्हाताऱ्याचे पाय चालणार नाहीत, त्यास दुचाकीवर मागे बसवावे. तरुणास जागा माहीत नसेल, ती मागे बसलेला दाखवील. तिसरे काम आठवणींच्या वहीचे: १९४८, १९७२, १९९३ आणि २०१६ या चार सालांत आपल्या घरात काय घडले, ते प्रत्येक कुटुंबातील नातवाने आपल्या आजी-आजोबांस विचारून एकेक पान लिहावे. पुढच्या महोत्सवाच्या स्मरणिकेस त्याहून चांगला मजकूर कोणता मिळणार?

ही कामे मोठी नाहीत. यांस निधी नको, समिती नको, ध्वनिक्षेपकही नको. वेळ मात्र हवा, आणि तो लवकर हवा, कारण या कामात दोघांपैकी एकाजवळ तो फार शिल्लक नाही. एकट्या आजीने जाते ओढवत नव्हते आणि एकट्या नातीस ओवी येत नव्हती. म्हणून दोघी बसल्या, आणि घराला पीठही मिळाले व गाणेही. आमच्या वाचकांपैकी जे तरुण आहेत त्यांनी हा लेख मिटून ठेवावा, घरातील सर्वांत वडील माणसाजवळ जावे, आणि पहिला प्रश्न विचारावा. जे वृद्ध आहेत त्यांनी उत्तर देताना उपदेशाचे चार शब्द कमी करावेत व आठवणीचे चार अधिक सांगावेत. खुंटा दोघांच्यामध्ये उभा आहे; हात तेवढे पुढे यावयाचे आहेत.